वीस वर्षांनी एकत्र उभी राहिलेली पार्टी : एका मंडईतली खडी गंमत

कशाबद्दल

भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात, फुटलेली एक खडी गंमत पार्टी, म्हणजे आमच्याकडच्या उभ्यानं करायच्या लोकनाट्याचा संच, साधारण वीस वर्षांनी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, पुन्हा एकत्र उभी राहिली. ती कशी उभी राहिली, त्यासाठी मंडई समितीला कोणते निर्णय घ्यावे लागले आणि ऐकायला आलेल्यांना ती कशी वाटली, याची ही नोंद. मी त्या समितीत होतो. कलावंतांशी बोलणी करणं आणि नंतर लोकांचं म्हणणं लिहून ठेवणं ही कामं माझ्याकडे होती. गावाचं, पार्टीचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

आमच्या भागात दर काही वर्षांनी कुठे ना कुठे 'जुनी पार्टी पुन्हा उभी करू' अशी हौस उठते. बहुतेक ठिकाणी शाल-श्रीफळ होतं, दोन गाणी होतात आणि लोक उठून रात्रीच्या नाटकाची जागा धरायला जातात. इथे लोक दुपारभर बसून राहिले. ते का बसले आणि जे उठून गेले ते का गेले, हे पुढच्या समित्यांना कळावं म्हणून एवढं लिहितो आहे.

पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या काही भागात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो, हातात थोडा पैसा खेळत असतो. लेकी माहेरी आलेल्या असतात, पाहुण्यांनी घर भरलेलं असतं, सोयरिकीची बोलणी निघतात. आखरावर, म्हणजे गावाकडेच्या मोकळ्या जागेवर, दुकानं लागतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य किंवा खडी गंमत आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं, नाटक, ज्याच्या बहुतेक कंपन्यांची कचेरी वडशाला, म्हणजे देसाईगंजला. हा आमच्याकडचा ठरलेला शिरस्ता.

खडी गंमत उभ्यानं करायची असते, नावातच ते आलं. पडदा नाही, विंगा नाही. डफ, ढोलकी, तुणतुणं, टाळ आणि अलीकडे पेटी. आधी गण, मग गौळण, लावणी, सवाल-जवाब आणि शेवटी वग. वगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण संवाद लिहिलेले नसतात. समोर कोण बसलं आहे, गावात काल काय घडलं, यंदा धानाचं काय झालं, हे सगळं ऐनवेळी त्यात येतं. म्हणून एकच वग एका गावात दीड तासात संपतो आणि दुसऱ्या गावात दुपार ओलांडतो. आमच्या लहानपणी एकाच पार्टीच्या मागे सायकलीवरून या मंडईतून त्या मंडईत जाणारे शौकीन होते. कालचंच आज ऐकायला मिळणार नाही, याची खात्री असायची म्हणूनच ते जात.

ही पार्टी १९८० च्या दशकात नावारूपाला आली. दोन शाहीर, एकमेकांचे आतेभाऊ-मामेभाऊ. थोरले डफ वाजवत आणि सवाल टाकत. धाकटे तुणतुणं घेऊन जवाब देत. थोरल्यांचा आवाज मोठा आणि ठाम, धाकट्यांची जीभ चपळ. मागे ढोलकीवाला, एक सोंगाड्या, बायकी भूमिका करणारा एक नाच्या आणि मागे सूर धरणारे दोन-तीन झीलकरी.

पार्टी फुटली ती दोन कारणांनी. गोसीखुर्द प्रकल्पाचा शिलान्यास १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाला, आणि पुढच्या काळात वैनगंगेकाठची अनेक गावं बुडीत क्षेत्रात गेली. धाकट्या शाहिरांचं गाव त्यात होतं. त्यांचं घर, झीलकऱ्यांची घरं आणि ज्या पाराखाली तालीम चाले तो पार, सगळंच उठलं. माणसं पुनर्वसनाच्या नव्या गावी गेली. तालमीला जायचं तर आता अंतर पडलं. दुसरं कारण बिदागीच्या वाट्याचं. थोरले दोन वाटे घेत. डफ माझा, इसार (आगाऊ रक्कम) मी घेतो, गाडीचं भाडं मी ठरवतो, असा त्यांचा हिशोब. एकाच गावात राहत होते तोवर हे चाललं. अंतर पडल्यावर ते बोचू लागलं. एका मंडईत रात्री हिशोबावरून शब्द वाढला आणि दुसऱ्या दिवशीच्या गावी थोरले एकटेच गेले. त्यानंतर दोघांनी दोन पार्ट्या काढल्या. दोन्ही हळूहळू बंद पडल्या.

अडचण काय होती

दोघांना एकत्र आणणं अवघड जाईल असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. थोरल्यांच्या घरच्या एका दुखवट्याला धाकटे येऊन गेले होते, बोलणं सुरू झालं होतं. वृद्ध कलावंत मानधनाच्या अर्जासाठी थोरल्यांनी जुनी पत्रकं एका फायलीत लावून ठेवली होती. त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ती फाईल उघडून दाखवली. गुलाबी, पिवळ्या, पातळ कागदावरची पत्रकं, घड्या पडलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली. प्रत्येकावर दोघांची नावं शेजारी-शेजारी. धाकट्यांचं नाव वगळलेलं पत्रक त्यात एकही नव्हतं, म्हणजे फुटल्यानंतरची पत्रकं त्यांनी लावलीच नव्हती. मी त्यावर काही बोललो नाही. पण होकार येणार हे मला तिथेच कळलं.

खरी अडचण ऐकणाऱ्यांची होती. एका भातगिरणीवाल्यानं फार वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डरवर या पार्टीचा एक सवाल-जवाब भरून घेतला होता. ती कॅसेट आधी टेपवरून टेपवर उतरली, मग कोणीतरी मोबाइलवर घेतली. आता पंचक्रोशीत ती प्रत्येकाजवळ आहे. त्यातले सवाल, जवाब, मधला धाकट्यांचा हशा, मागे ओरडणारं पोरगं, सगळं लोकांना पाठ. मंडईत ही पार्टी येणार म्हणताच जो तो म्हणू लागला, "तो सवाल-जवाब झालाच पाहिजे."

म्हणजे ज्या कलेचा जीवच ऐनवेळी सुचण्यात आहे, तिच्याकडून लोक एक ठरलेली ध्वनिफीत जशीच्या तशी मागत होते. शिवाय थोरले सत्तरी ओलांडलेले, धाकटे त्यांच्या जवळपास. कॅसेटमधला वरचा सूर आता दोघांनाही लागणार नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय रात्रीच्या स्वतंत्र कार्यक्रमाचा. मोठा रंगमंच, दिवे, तिकीट. हा तरुण मंडळींचा आग्रह. पण मंडईची रात्र नाटकाला दिलेली होती, त्याचा इसार गेला होता. वेगळ्या दिवशी करायचं तर मंडईचे पाहुणे निघून गेलेले असतात. आणि रात्रीच्या थंडीत दोन म्हाताऱ्या गळ्यांना उभं करायचं माझ्या मनाला पटत नव्हतं. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा पर्याय दुय्यमचा. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या करून सामना लावायचा. लोकांना दुय्यम आवडतो, गर्दी हमखास. शेजारच्या तालुक्यातली एक तरुण पार्टी यायला तयार होती. बाजूनं बोलणारे म्हणाले, समोर कोणी असेल तर म्हाताऱ्यांना चेव येईल. विरुद्ध बोलणारे म्हणाले, वीस वर्षांनी दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे राहणार, तिथे तिसऱ्याचं काय काम? मी दुसऱ्या बाजूनं होतो. या दोघांचा खरा सामना एकमेकांशीच होता.

तिसरा पर्याय सत्काराचा. निवडक गाणी, कॅसेटमधला सवाल-जवाब तालीम करून तसाच म्हणून घ्यायचा, मग शाल. सोपा, धोका नसलेला. समितीतल्या बहुतेकांचा कल इकडे होता.

चौथा पर्याय धाकट्यांनी सुचवला. "तुम्ही काही ठरवू नका जी. आमाले आखरावर उभं करा. गण झाला का पुढचं आमी पाहून घेऊ." यात ठरलेलं काहीच नव्हतं, हाच त्याचा धोका. पाच मिनिटांत आटोपलं असतं किंवा दोघंही अडकून उभे राहिले असते.

बैठकीत यावर बराच वेळ गेला. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक तरुण सभासद दिवाळीला आला होता. तो परदेशातल्या बँडचं संगीत ऐकतो. त्यानं अमेरिकेतल्या फिश या बँडचं सांगितलं. मंचावर एकेक गाणं वाढवत नेणारा, रोज वेगळं वाजवणारा बँड. २००४ साली बंद झाला आणि २००९ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इथे पुन्हा उभा राहिला. त्याच परंपरेतला त्याच्याआधीचा ग्रेटफुल डेड, त्याचा गायक-गिटारवादक जेरी गार्सियाच्या निधनानंतर १९९५ साली थांबलेला. त्यातले उरलेले चौघं २०१५ साली, पन्नासाव्या वर्षी, शिकागोत पुन्हा एकत्र वाजवायला आले. त्याचा मुद्दा असा होता की अशा बँडच्या मागे गावोगाव फिरणारे लोक जुनं तसंच ऐकायला जात नाहीत, आज काय सुचतं ते ऐकायला जातात. आमच्या थोरल्या मंडळींना बँडची नावं काही लागली नाहीत, पण एक जुने शौकीन चटकन म्हणाले, "मग आमी सायकलवर कायले जात होतो?" तिथे निर्णय फिरला. चौथा पर्याय ठरला, पण दोन आधार ठेवून: ढोलकीवाला जुनाच हवा आणि वेळेचं बंधन नको.

काय केलं

ढोलकीवाल्यांना आणायला सगळ्यात जास्त मेहनत लागली. ते लेकीकडे दुसऱ्या जिल्ह्यात राहत होते, गुडघे दुखत होते, ढोलकी मोडीत निघाली होती. नव्या पोरानं वाजवावं असं समितीत कोणी म्हणालं, तर दोन्ही शाहीर वेगवेगळं विचारलं असता एकच बोलले: तो नसेल तर आम्हीही नाही. कारण साधं आहे. शाहीर सुचेपर्यंत वेळ कोण धरून ठेवतो? ढोलकी. कुठे थांबू द्यायचं, कुठे ढकलायचं, हे त्या हातांना ठाऊक होतं.

सूर हा दुसरा प्रश्न. पूर्वी ते पेटीच्या काळी चार या उंच पट्टीत गात. आता थोरल्यांना खालची काळी दोन सोयीची पडत होती. ज्याची ढोलकी उसनी आणली, त्याची शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा लेप, वरच्या सुराला बांधलेली. ती खाली उतरवली की नाद मेला. शेवटी मोठ्या तोंडाची एक जुनी ढोलकी भजनी मंडळाकडे मिळाली, ती खालच्या सुरात बोलली.

नाच्याची गोष्ट नाजूक होती. बायकी भूमिका करणारे ते काका आता पन्नाशीच्या पुढचे. लेकीचं लग्न झालं आहे, व्याही मंडईला येणार. "लुगडं नाही नेसत आता. मावशी करतो म्हणाल तर करतो, पण धोतरावर." कोणी त्यांना आग्रह करू नये असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी धोतरच नेसायचं आणि डोक्यावर फक्त दुपट्टा घ्यायचा असं ठरलं.

बिदागीची पाकिटं सगळ्यांची सारखी केली आणि मंडईच्या आदल्या दिवशी घरपोच दिली. थोरल्यांच्या हातात एकत्र रक्कम दिलीच नाही. जुन्या भांडणाची जागा तीच होती. थोरल्यांनी पाकीट घेतलं, उघडून पाहिलं आणि विचारलं, "त्याचं बी एवढंच ना?" हो म्हटल्यावर ते समाधानानं हसले.

मोबाइलवर भरून घेऊ द्यायचं का, यावर दोन मतं होती. मी भरू द्यावं या मताचा होतो. ग्रेटफुल डेडनं १९८४ साली ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना बसायला वेगळी जागाच करून दिली होती, असं त्या तरुणानं सांगितलं. आम्हीही ढोलकीच्या बाजूला दोरी बांधून एक कोपरा ठेवला. उरलेल्यांनी समोर मोबाइल धरू नये अशी विनंती केली. बहुतेकांनी ती पाळली.

माईकबाबत मात्र जे ठरलं ते निम्मंच बरोबर ठरलं. साऊंडवाला प्रत्येकाच्या गळ्याशी वेगळा माईक लावू म्हणत होता. शाहिरांना ते नको होतं. त्यांना मधोमध दोन उभे माईक हवे होते, म्हणजे पुढे-मागे सरकून कोण बोलतो आणि कोण झील धरतो हे त्यांना पूर्वीसारखं सांभाळता येईल. त्यांचं ऐकलं.

मंडईचा दिवस

सकाळी दव जास्त होतं. डफाचं कातडं ढिलं पडलेलं. थोरल्यांनी आखराच्या कडेला मूठभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पेटवली आणि डफ तिच्यावर धरून फिरवू लागले. बोटांनी टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा धरायचे. धाकटे तुणतुण्याची तार लावत शेजारी बसले होते. दोघं बोलत नव्हते. डफ तापून आवाज वर आला तशी धाकट्यांनी तार त्या आवाजाला नेऊन लावली, न विचारता. बाजूला जमलेल्या माणसांपैकी एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. माझ्या मते कार्यक्रम तिथेच सुरू झाला होता.

गण ठीक झाला. गौळणीत मावशी आली आणि आखर हसायला लागलं. धोतरावर दुपट्टा घेतलेली ती मावशी पुनर्वसनाच्या गावात दूध विकायला गेली, तिथे सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी घरं सारखी, तिला गिऱ्हाइकाचं घरच सापडेना. हे कुठल्याच जुन्या गौळणीत नव्हतं. पुनर्वसनाची माणसं पुढे बसली होती, तीच सगळ्यात जोरात हसली.

त्यानंतरची लावणी पडली. स्पष्टच लिहितो. ती कॅसेटच्या काळातली, गाजलेली. दोघांनी ती जुन्या चालीत, जुन्या जागा घेत म्हणायचा प्रयत्न केला. वरचा सूर लागला नाही, झीलकरी मागे पडले, आणि मागच्या बाजूनं काही लोक उठले. समितीतला एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाला, आता सत्कार उरकून घेऊ का? हा त्या दिवसातला सगळ्यात कठीण क्षण. थांबायचं ठरलं, ते मुख्यतः ढोलकीवाल्यांकडे पाहून. ते शांत होते.

सवाल-जवाब सुरू झाला तेव्हा समोरून ओरडा झाला, कॅसेटवाला म्हणा! थोरल्यांनी कॅसेटमधल्या पहिल्या सवालाचे दोन शब्द उचलले, थांबले, आणि डफावर थाप देऊन दुसरंच म्हणाले:

गाव गेलं पाण्याखाली, गेला पार, गेली वाट,
कोण्या वाटेनं आलास शाहिरा, सोड सवालाची गाठ.

आखर गप्प झालं. धाकट्यांना हे अपेक्षित नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पूर्वी ते थोरल्यांचा शेवटचा शब्द हवेत असतानाच जवाब फेकत. आता ते उभे राहिले. ढोलकीनं केहरवा धरला आणि धरूनच ठेवला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. कोणतीही करामत नाही, साधा ठेका, जरा दाबून. मग धाकटे तुणतुणं छातीशी घेऊन पुढे सरकले:

वाट बुडाली, पार बुडाला, डफ राहिला हाती,
त्याच्या थापेवर चालत आलो, अर्धी कडी तुझ्यासाठी.

पुढे किती वेळ ते चाललं हे कोणालाच नीट सांगता येत नाही. बिदागीच्या भांडणापर्यंत सवाल गेले. धाकट्यांनी भर आखरात विचारलं, दोन वाटे कोण्या शास्त्रात लिहिले? थोरल्यांनी जवाब दिला तो लोकांच्या हशात अर्धा बुडाला, पण ते स्वतः हसत होते. वग त्या दिवशी झालाच नाही. सवाल-जवाबातच ऊन कललं.

ऐकणाऱ्यांचं म्हणणं

मंडईनंतरच्या दिवसांत चहाच्या टपरीवर, धानाच्या पुंजण्याजवळ, ओट्यावर, जिथे भेटतील तिथे लोकांना विचारत गेलो. मतं एकमेकांशी जुळत नव्हती. पण लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली: कोण काय म्हणतो हे वयावर कमी आणि तो कुठे बसला होता यावर जास्त ठरत होतं.

पुढे अंथरलेल्या फाऱ्यांवर बसलेल्यांना धाकट्यांचं ते थांबणं सगळ्यात जास्त आवडलं होतं. एक तरुण ट्रॅक्टरचालक म्हणाला, "ते विचार करून रायले हे दिसत होतं ना. माणूस विचार करताना दिसतो कोठी आता?" मागे उभे असलेल्यांना तेच थांबणं विसरल्यासारखं वाटलं. त्यांना चेहरा दिसला नव्हता, नुसती ढोलकी ऐकू आली. "मधात बुढा भुलला होता," असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. दोघांनीही पाहिलं ते एकच, आणि दोघंही आपापल्या जागेवरून खरं बोलत होते.

सोंगाड्याचं तर मागच्यांना काहीच ऐकू आलं नाही. तो सवयीनं माईकपासून दूर फिरत राहिला. बायका डाव्या अंगाला, देवळाच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्याकडे भोंग्याचं तोंड नव्हतंच. एका आजींनी मला चांगलंच सुनावलं: "आमच्या तरुणपनी खडी गंमत बायकांनी आयकू नये म्हणत. आता बसवलं, तर आवाज नाही दिला." मावशीबद्दल मात्र बायकांचं मत एकमुखी चांगलं होतं. लुगडं नेसलं नाही ते बरं झालं, त्यामुळे ती खरी मावशी वाटली, असं एकीनं सांगितलं. काकांच्या व्याह्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना घरी जेवायला बोलावलं, हेही इथे नोंदवतो.

सायकलवाले जुने शौकीन दोन मतांचे होते. काहींच्या मते लावणी झाली नसती तर बरं झालं असतं. त्यांच्यातलाच एक म्हणाला, "मी कॅसेट आयकाले नोतो आलो. ते दोघं एकामेकाकडं पायतेत का, ते पायाले आलतो." दुसऱ्याला ते अजिबात पटलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं घरचं भांडण आखरावर आणणं हा कलेचा मोठेपणा नव्हता. पूर्वी सवाल पुराणातले असत, अभ्यास लागे, आता नुसतं आपलंच रडगाणं. त्याचं म्हणणं मी पूर्ण लिहून ठेवलं आहे. कलगी-तुऱ्याची, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांतल्या सवाल-जवाबांची, जुनी शिस्त मानणाऱ्या माणसाला असं वाटणं रास्त आहे, आणि त्या दुपारी पुराणातला एकही सवाल आला नाही हे खरंच आहे.

कॅसेट पाठ असलेली पोरं आधी नाराज होती. त्यांना हवं ते मिळालं नव्हतं. पण दोरीच्या कोपऱ्यातून भरलेला सवाल-जवाब फिरू लागला तसं त्यांचं बोलणं बदललं. आता ती 'पाण्याखालचा सवाल' म्हणून तो मागतात. याचा मला आनंद आहे आणि थोडी काळजीही. पुढच्या वेळी लोक तोच सवाल जसाच्या तसा मागतील.

तरुण पार्टीचा शाहीर, ज्याला आम्ही दुय्यमला बोलावलं नाही, तो स्वतःहून ऐकायला आला होता. त्याचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटलं. "आमी सवाल लिहून पाठ करतो जी. जवाबबी. उभं राहून थांबायची आमची हिंमत नाही. आमची ढोलकी तेवढा वेळ धरनारच नाही."

निष्पत्ती

त्याच मोसमात दोन गावांनी इसार देऊ केला. एका गावी पार्टी गेली. दुसऱ्या गावाला नाही म्हटलं, कारण ढोलकीवाल्यांना प्रवास झेपत नव्हता आणि दुसरा माणूस घ्यायला शाहीर तयार झाले नाहीत. पहिल्या गावी काय झालं ते मी स्वतः ऐकलं. सवाल वेगळे होते, लावणी त्यांनी गाळली होती आणि वग पूर्ण झाला. तिथे पाण्याखालचा सवाल मागणाऱ्यांना थोरल्यांनी हात जोडले आणि पुढे गेले.

तरुण पार्टीचा ढोलकीवाला आता अधूनमधून जुन्या ढोलकीवाल्यांकडे जाऊन बसतो. भरलेली ध्वनिफीत पेनड्राइव्हवर घेऊन पार्टीतल्या प्रत्येकाच्या घरी दिली. खर्च लोकवर्गणीत बसला.

वेगळं काय करता येईल

भोंगे आणि बसायची जागा आधी बघावी. दोन उभे माईक ठेवायचे तर बायकांच्या बाजूला आणि मागे स्वतंत्र भोंगा हवा. सोंगाड्याला एक हातातला माईक द्यावा. लोकांच्या नाराजीतला मोठा भाग कलेबद्दलचा नव्हता, न ऐकू येण्याबद्दलचा होता.

लावणी हा शाहिरांचा निर्णय होता, आणि तो घ्यायचा हक्क त्यांचाच. पण सूर दोन पट्ट्यांनी उतरला आहे हे तालमीत सगळ्यांना दिसत होतं. चाल बदलून, खालच्या अंगानं ती बांधता येईल का, एवढं विचारणारा कोणी जाणकार तालमीला बसवावा. बाहेरच्या माणसानं विचारलेलं शाहीर ऐकतात, घरच्याचं ऐकत नाहीत.

पत्रकावर 'वीस वर्षांनी प्रथमच' असं छापावं की नाही, याचा विचार व्हायला हवा. त्या ओळीमुळे गर्दी आली, पण कॅसेटची अपेक्षाही त्याच ओळीनं वाढवली. नुसतं दोघांचं नाव आणि वेळ पुरेशी होती असं माझं मत आहे. समितीतल्या इतरांना हे पटत नाही.

सत्कार शेवटी ठेवला हे योग्यच झालं. लावणीनंतर तो उरकला असता तर सवाल-जवाब झालाच नसता. असा क्षण आला तर थांबायचं की आटोपायचं हे कोणी ठरवायचं, ते आधीच एका माणसाकडे सोपवून ठेवावं. आमच्याकडे ते ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी निभावलं ते ढोलकीवाल्यांच्या शांतपणामुळे.

यंदाच्या मंडईसाठी तरुण पार्टीच्या शाहिरानं समितीला चिठ्ठी पाठवली आहे. त्याला दुय्यम हवा आहे, पाठ केलेले सवाल न घेता. थोरले तयार आहेत. धाकट्यांनी अजून कळवलेलं नाही. ढोलकीवाल्यांना विचारून सांगतो, म्हणाले आहेत.